प्रिटोरियाचा खटला: नियम कंपन्यांनी लिहिला, भाव मुंबईने पाडला

५ मार्च २००१, सोमवार. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बर्नार्ड एन्गोएपे यांच्यासमोर एक खटला सुनावणीला आला. औषधं स्वस्त व्हावीत म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने केलेल्या कायद्याविरुद्धचा हा खटला. वादी होते दक्षिण आफ्रिकेतल्या औषध उत्पादकांची संघटना आणि ३९ कंपन्या. त्यांत ग्लॅक्सोस्मिथक्लाइन, मर्क, ब्रिस्टल-मायर्स स्क्विब, बोरिंगर इंगेलहाइम, रोश अशी बडी नावं होती. प्रतिवादी क्रमांक एक, नेल्सन मंडेला. फेब्रुवारी १९९८ मध्ये खटला दाखल झाला तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून कागदोपत्री त्यांचंच नाव राहिलं. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाला औषध कंपन्यांनी कोर्टात खेचलं, हे चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत उमटलं आणि कंपन्यांच्या वकिलांना ते शेवटपर्यंत पुसता आलं नाही.

सहा आठवड्यांनी, १९ एप्रिलला, कंपन्यांनी खटला बिनशर्त मागे घेतला आणि सरकारचा कोर्टखर्चही भरायचं कबूल केलं.

बहुराष्ट्रीय कंपन्या जगाचा कारभार कसा चालवतात, या विषयावर बोलताना हे प्रकरण हमखास निघतं. बहुतेक जण ते इथेच संपवतात: लोक जिंकले, कंपन्या हरल्या. मला ही गोष्ट अर्धीच वाटते. ज्या नियमाचं बोट धरून कंपन्या कोर्टात गेल्या, त्याचा मसुदा त्यांनीच पंधरा वर्षं आधी लिहायला घेतला होता. खटला गेला, तरी तो नियम जागचा हलला नाही. म्हणून सुरुवात प्रिटोरियापासून करून चालत नाही. आधी न्यूयॉर्क आणि जिनिव्हाकडे वळावं लागतं.

मसुदा कुणाच्या हातचा

१९८० च्या आधीपर्यंत पेटंट ही ज्या त्या देशाची घरची बाब होती. औषधाला पेटंट द्यायचं की नाही, दिलं तर किती वर्षांचं, हे प्रत्येक देश आपलं आपण ठरवी. भारताने १९७० च्या कायद्यात (तो एप्रिल १९७२ मध्ये अमलात आला) औषधाच्या रेणूवर पेटंट देणंच बंद केलं. पेटंट मिळे ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला, आणि तेही पाच ते सात वर्षांचं. दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवून दाखवा आणि खुशाल विका. मुंबईतली सिप्ला, अहमदाबादची कॅडिला, दिल्लीची रॅनबॅक्सी या कंपन्या या एका तरतुदीवर वाढल्या. औषधं आयात करणारा देश वीसेक वर्षांत जगाला स्वस्त औषधं पुरवणारा झाला.

पेटंटविषयक आंतरराष्ट्रीय करारांचं काम जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे होतं. ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. एका देशाला एक मत. तिथे गरीब देशांची संख्या जास्त. १९८० ते १९८४ या काळात भारत आणि इतर विकसनशील देशांनी तिथे पेटंटविषयीचा जुना पॅरिस करार उलट आणखी सैल करायचा आग्रह धरला होता. करार काही सैल झाला नाही, पण मोठ्या कंपन्यांना एक गोष्ट उमगली: या सभागृहात आपली डाळ शिजणार नाही.

फायझरचे अध्यक्ष एडमंड प्रॅट तेव्हा अमेरिकी सरकारच्या व्यापार वाटाघाटींच्या सल्लागार समितीचेही अध्यक्ष होते. हा दुहेरी टोप नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मार्च १९८६ मध्ये प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल यांनी डझनभर अमेरिकी कंपन्यांची ‘इंटेलेक्च्युअल प्रॉपर्टी कमिटी’ स्थापन केली. औषधवाल्यांबरोबर तीत संगणकवाले होते, रसायनवाले होते, सिनेमा-संगीतवालेही होते. सप्टेंबरमध्ये उरुग्वेतल्या पुन्ता देल एस्ते इथे गॅटची, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींची, नवी फेरी सुरू व्हायची होती. समितीपाशी होते जेमतेम सहा महिने. तेवढ्यात तिने युरोपातल्या उद्योजकांच्या महासंघाला आणि जपानच्या केइदानरेन या उद्योगसंघटनेला गाठलं आणि पटवलं की बौद्धिक संपदा हा व्यापाराच्या टेबलावरचा विषय झाला पाहिजे. तिघांनी आपापल्या सरकारांना तयार केलं. जून १९८८ मध्ये तिघांनी मिळून एक संयुक्त मसुदाच सादर केला. करारात काय असावं, पेटंट किती वर्षांचं असावं, अंमलबजावणी कशी व्हावी, हे सगळं त्यात तपशीलवार होतं.

व्यापाराच्याच टेबलाचा आग्रह का? बौद्धिक संपदा संघटनेत कुणी ऐकलं नाही तर फार तर निषेधाचा ठराव होतो. व्यापारात ऐकलं नाही तर तुमच्या कापडावर, चपलांवर, कोळंबीवर जादा कर बसतो. शिवाय सौदेबाजी करता येते: तुम्ही पेटंट द्या, आम्ही कापडाचा कोटा उठवतो. औषधाच्या नियमाची किंमत शर्टात मोजायची ही सोय आधीच्या कुठल्याही व्यासपीठावर नव्हती.

मोन्सॅन्टोच्या जेम्स एन्यार्ट यांनी १९९० मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकात हे सगळं अगदी मोकळेपणाने मांडलं. रोगी आम्हीच होतो, रोगाचं निदान आम्हीच केलं आणि औषधाची चिठ्ठीही आम्हीच लिहिली, अशा आशयाचं त्यांचं विधान आहे. टीकाकारांनी इतकं नेमकं बोट ठेवलं असतं तर त्यांना कटवाले म्हणून मोडीत काढलं असतं. इथे आतल्या माणसानेच अभिमानाने सांगितलं होतं.

भारत आणि ब्राझील यांनी विरोध केला, पण तो फार काळ टिकला नाही. अमेरिकेने १९८८ च्या व्यापार कायद्यात ‘स्पेशल ३०१’ नावाचं कलम घातलं. दरवर्षी पेटंटबाबत ‘वाईट’ देशांची यादी काढायची आणि हवं तर व्यापारी कारवाई करायची, असा त्याचा रोख. एप्रिल १९८९ मध्ये जिनिव्हात भारताने माघार घेऊन या विषयावर बोलणी करायला मान्यता दिली. १९९१ मध्ये भारत त्या यादीत सगळ्यात वरच्या वर्गात होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा आला.

डंकेल हे नाव महाराष्ट्रातल्या गावागावात पोचलं. शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली, डाव्यांनी आणि समाजवाद्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं, आणि चौकातल्या सभांमधून या स्वित्झर्लंडच्या माणसाचा उद्धार झाला. पण आपल्याकडचा तो वाद मुख्यतः बियाण्याभोवती आणि शेतमालाच्या भावाभोवती फिरला. औषधाचं पेटंट वीस वर्षांचं होणार, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आणि तिच्याबरोबर ट्रिप्स हा बौद्धिक संपदेचा करार लागू झाला. तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांत पेटंट, आणि मुदत २० वर्षं. मसुद्यातलं सगळंच कंपन्यांच्या पदरात पडलं असं मात्र नाही. विकसनशील देशांनी भांडून काही फटी राखल्या. गरज पडली तर पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कारखान्याला सक्तीचा परवाना देता येतो, ही एक. कंपनीने एका देशात स्वस्त विकलेला माल दुसऱ्या देशाने तिथून मागवावा की नाही, म्हणजे समांतर आयात, हे ज्या त्या देशावर सोडलं, ही दुसरी. ज्या देशांत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं त्यांना २००५ पर्यंत मिळालेली सवलत, ही तिसरी. प्रिटोरियात जे घडलं ते या तीन फटींतून घडलं.

कलम १५ सी

मंडेलांचं सरकार १९९४ मध्ये आलं तेव्हा दक्षिण आफ्रिकेत औषधांचे भाव वर्णभेदाच्या काळातल्या खासगी बाजाराने ठरवलेले होते. १९९७ मध्ये सरकारने औषध कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यात १५ सी हे कलम आलं. परवडणारी औषधं मिळावीत म्हणून आरोग्यमंत्र्यांनी काय उपाय करावेत याचं हे कलम. त्यातला मुख्य उपाय समांतर आयातीचा होता. एखादं औषध त्याच कंपनीने दुसऱ्या देशात स्वस्त विकलं असेल तर ते तिथून आणायचं. डॉक्टरने ब्रँडचं नाव लिहिलं तरी औषधवाल्याने स्वस्त जेनेरिक, म्हणजे ब्रँडशिवायचं तेच औषध, सुचवावं आणि भावांवर देखरेखीला समिती असावी, अशाही तरतुदी त्याच दुरुस्तीत होत्या.

कंपन्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. मंत्र्याला इतका मोकळा अधिकार देणं म्हणजे घटनेतल्या मालमत्तेच्या हक्काचा भंग. आणि ट्रिप्सचाही भंग. पहिल्या मुद्द्यात थोडा दम होता. कलमाची भाषा ढोबळ होती, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. दुसरा मुद्दा मात्र लंगडा होता, कारण समांतर आयात ट्रिप्सने देशांवरच सोडली होती. त्यात एक गंमत अशी की १५ सीची भाषा बौद्धिक संपदा संघटनेच्याच तज्ज्ञसमितीच्या एका मसुद्यावर बेतलेली होती. कंपन्या ज्या सभागृहातून उठून गेल्या होत्या, तिथलाच कागद त्यांच्यासमोर परत आला.

त्या काळात संपूर्ण आफ्रिका खंडाचा जगाच्या औषधविक्रीतला वाटा एक-दीड टक्क्याच्या आसपास होता. एवढ्याशा बाजारासाठी इतकी मोठी लढाई कोण करतं? त्यामुळे मला वाटतं, भीती दक्षिण आफ्रिकेतल्या विक्रीची नव्हतीच. एका देशाने स्वस्त औषध आणलं आणि पचवलं, की ब्राझील, थायलंड, भारत तेच करणार. आणि त्याहून वाईट म्हणजे अमेरिकेतला ग्राहक विचारणार, तिथे एवढं स्वस्त तर इथे एवढं महाग का?

अमेरिकी सरकार सुरुवातीला कंपन्यांच्या पाठीशी उभं होतं. दक्षिण आफ्रिका स्पेशल ३०१ च्या निरीक्षण यादीत गेली. काही वस्तूंना मिळायची ती करसवलत रोखून धरली गेली. उपराष्ट्राध्यक्ष अल गोर दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगात हा विषय काढत राहिले. मग जून १९९९ मध्ये गोर यांनी टेनेसीतल्या कार्थेज या आपल्या गावी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हा एड्सवाल्या कार्यकर्त्यांनी सभेतच घोषणा दिल्या आणि पुढेही ते सभासभांत पाठलाग करत राहिले. काही महिन्यांत अमेरिकेचा सूर बदलला, आणि वर्षअखेर दक्षिण आफ्रिका यादीतून बाहेर आली. कंपन्यांनी काही काळ थांबवलेला खटला पुन्हा चालू केला तेव्हा त्यांच्या मागे त्यांचं सरकार नव्हतं.

तोवर दक्षिण आफ्रिकेत ४० लाखांहून जास्त माणसं एचआयव्हीसह जगत होती. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून उपलब्ध होता आणि श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले होते. भाव होता माणसी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर.

दिवसाला एक डॉलर

इथे मुंबई येते. सिप्ला १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सुरू केली. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी तिथे येऊन गेले. २००० मध्ये कंपनीची धुरा संस्थापकांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्याकडे होती. केंब्रिजमधून रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. सप्टेंबर २००० मध्ये युरोपीय आयोगाने ब्रसेल्सला बोलावलेल्या बैठकीत त्यांनी सांगितलं, तीन औषधांचा उपचार मी वर्षाला ८०० डॉलरला देतो; जे सरकार स्वतः बनवू इच्छितं त्याला तंत्रज्ञान फुकट देतो. फारसं कुणी पुढे आलं नाही. सरकारांना आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना त्या वेळी वेगळ्याच योजनेत रस होता.

ती योजनाही या प्रकरणात महत्त्वाची आहे. मे २००० मध्ये पाच बड्या कंपन्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांनी मिळून गरीब देशांना औषधं सवलतीत द्यायचा कार्यक्रम जाहीर केला होता. देशादेशाशी वेगळी, गुप्त वाटाघाट. पहिला करार सेनेगलशी झाला तेव्हा भाव हजार-बाराशे डॉलरच्या घरात आला. दहा हजारांवरून हजारावर येणं ही मोठी गोष्ट वाटत होती. पण भाव किती, कुणाला आणि कोणत्या अटीवर, हे ठरवण्याची खुर्ची कंपन्यांकडेच राहत होती. संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावर त्या पाहुण्या म्हणून बसल्या होत्या की यजमान म्हणून, ते ओळखणं अवघड होतं.

७ फेब्रुवारी २००१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली: सिप्ला हाच तिहेरी उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये आणि सरकारांना ६०० डॉलरमध्ये देणार. ३५० म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. तेव्हाच्या दराने वर्षाचे सोळा-सतरा हजार रुपये.

भाव स्वस्त झाला, यापेक्षाही या बातमीने एक जुनी थाप उघडी पाडली. औषध महाग आहे कारण ते बनवणं महाग आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. ३५० डॉलरला विकूनही सिप्लाचं दुकान बंद पडणार नव्हतं. मग दहा हजारांतले उरलेले नऊ हजार सहाशे पन्नास डॉलर कशाचे होते? कंपन्या म्हणाल्या, संशोधनाचे. तो मुद्दा खोटा नव्हता, पण पुरा खराही नव्हता. त्या तीन औषधांतलं स्टॅव्ह्युडिन येल विद्यापीठात विकसित झालं होतं आणि पेटंट विद्यापीठाकडे होतं. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब ही परवानाधारक. येलचे विद्यार्थी उठले, औषधावर मूळ काम केलेले प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ हेही त्यांच्या बाजूने जाहीरपणे बोलले, आणि १४ मार्चला कंपनीने दक्षिण आफ्रिकेत हे पेटंट न बजावण्याची घोषणा केली.

सिप्लाने दुसरी एक गोष्ट केली ती तांत्रिक आहे, पण तिचं मोल मोठं आहे. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन या तीन औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. त्यांनी आपसांत बसून तिन्ही एका गोळीत घालणं होणारं काम नव्हतं. भारतात रेणूवर पेटंटच नव्हतं, त्यामुळे सिप्लाने ते घातलं. ट्रायोम्युन नावाची ती गोळी सकाळ-संध्याकाळ एक घ्यायची. दवाखाना कोसावर आणि घरात घड्याळ नाही अशा ठिकाणी मूठभर गोळ्यांचं वेळापत्रक सांभाळणं आणि दोन गोळ्या गिळणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

सहा आठवडे

कोर्टात मात्र निकाल लावला तो भावाने नव्हे, एका अर्जाने. झॅकी अखमत आणि त्यांच्या साथीदारांनी डिसेंबर १९९८ मध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना काढली होती. अखमत स्वतः एचआयव्हीबाधित. सर्वसामान्यांना सरकारी दवाखान्यात औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असा त्यांचा निर्धार. आपल्याकडे सत्याग्रह म्हणतात तसलाच हा प्रकार. ऑक्टोबर २००० मध्ये संघटनेने थायलंडहून फ्लुकोनाझोल या बुरशीच्या संसर्गावरच्या औषधाच्या जेनेरिक कॅप्सूल उघडपणे कायदा मोडून देशात आणल्या. एका कॅप्सूलची किंमत तिथल्या चलनात दोन रँडच्या आत पडली. फायझरची तीच कॅप्सूल तिथे कित्येक पटींनी महाग होती.

सुनावणीच्या सुरुवातीलाच या संघटनेने न्यायमित्र म्हणून, म्हणजे पक्षकार नसतानाही कोर्टापुढे बाजू मांडणारा म्हणून, सामील करून घेण्याची मागणी केली. ६ मार्चला न्यायमूर्तींनी ती मान्य केली. तोवर खटला घटनेतल्या शब्दांचा होता. आता त्यात रोग्यांची प्रतिज्ञापत्रं आली, औषधांचे भाव आले, आणि संशोधनावर खर्च किती, सरकारी अनुदान किती, नफा किती, हे प्रश्न आले. उत्तर द्यायचं तर कंपन्यांना आपल्या वह्या कोर्टात उघडाव्या लागणार होत्या. त्यांनी मुदत मागितली. सुनावणी १८ एप्रिलपर्यंत पुढे गेली.

त्या मुदतीत मर्कने आपल्या दोन औषधांचे भाव उतरवले, पाठोपाठ इतरांनीही. प्रिटोरियाच्या रस्त्यावर मोर्चे निघाले, इतर देशांतही निदर्शनं झाली. वह्या उघडायची वेळ जवळ आली तेव्हा खटलाच मागे घेण्यात आला. न्यायालयाने काही ठरवलंच नाही. १५ सी घटनाबाह्य आहे की नाही, ट्रिप्सच्या विरोधात आहे की नाही, यावर निकाल नाही. कंपन्यांच्या दृष्टीने विचार केला तर ही माघार अगदी हिशेबी होती. निकाल विरोधात गेला असता तर तो जगभर दाखला म्हणून वापरला गेला असता.

आणि आता या प्रकरणातला सगळ्यात त्रासदायक भाग. खटला जिंकलेल्या सरकारने औषध आणलंच नाही. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मान्य नव्हतं. आरोग्यमंत्री मान्तो चबालाला-म्सिमांग आहार आणि लसूण-बीटाची महती सांगत राहिल्या. ज्या संघटनेने सरकारच्या बाजूने कोर्टात उभं राहून कंपन्यांना परतवलं, तिलाच मग सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयाने बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून गरोदर बायकांना नेव्हिरॅपिन द्यायचा आदेश दिला. देशव्यापी उपचाराची योजना यायला २००३ चा नोव्हेंबर उजाडला. २००० ते २००५ या काळात या दिरंगाईने किती माणसं गेली याचा हार्वर्डच्या अभ्यासकांनी नंतर अंदाज मांडला, तो तीन लाखांच्या वर आहे. कंपन्या वाईट आणि सरकारं चांगली अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी हा परिच्छेद वगळू नये.

फटी बुजवताना

प्रिटोरियाचा खरा परिणाम कतारमधल्या दोहात, जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत दिसला. जून २००१ मध्ये आफ्रिकी देशांच्या मागणीवरून जागतिक व्यापार संघटनेत औषधं आणि पेटंट यावर खास चर्चा झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालातून ॲन्थ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. त्यावरचं सिप्रो हे औषध बायरच्या पेटंटखाली. अमेरिकी आरोग्यमंत्र्यांनी भाव उतरवा नाहीतर पेटंट मोडू असा सूर लावला आणि बायरने सरकारसाठी गोळीचा भाव १.७७ डॉलरवरून ९५ सेंटवर आणला. चाळीस लाख रोग्यांसाठी चालत नव्हतं ते चालतं हे महिन्याभरात सिद्ध झालं. १४ नोव्हेंबरला दोहा जाहीरनामा आला: ट्रिप्स करार देशांना सार्वजनिक आरोग्याचं रक्षण करण्यापासून रोखत नाही, आणि रोखूही नये.

पण तेव्हा ट्रिप्सचा मजकूर बदलला नाही. सक्तीच्या परवान्याखाली बनवलेला माल मुख्यतः देशातच विकायचा, ही अट राहिली. ज्या देशाकडे कारखानाच नाही त्याने काय करायचं? यावर २००३ मध्ये तोडगा निघाला, २०१७ मध्ये तो कराराचा कायमचा भाग झाला. त्या वाटेने प्रत्यक्षात औषध गेलं एकदाच, कॅनडाच्या ॲपोटेक्सकडून रवांडाला, २००८-०९ मध्ये. कागदपत्रांचं जंजाळ असं की कंपनीने पुन्हा ते नाव काढलं नाही.

२००५ मध्ये भारताची सवलत संपली आणि रेणूवरचं पेटंट परत आलं. संसदेने कलम ३ (डी) घालून जुन्या औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट वाढवण्याला आळा घातला. त्यावरच २०१३ मध्ये नोव्हार्टिस ही स्विस कंपनी सर्वोच्च न्यायालयात हरली. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला बायरच्या नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला. भारतात त्यानंतर तसा परवाना दुसरा निघाला नाही.

कंपन्यांनी मधल्या काळात कोर्टाचा नाद सोडला होता. त्यांनी वापरलेलं नवं हत्यार म्हणजे ऐच्छिक परवाना. २००६ मध्ये अमेरिकेच्या गिलियडने टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधासाठी भारतीय कंपन्यांशी करार केले: तुम्ही बनवा, थोडी रॉयल्टी द्या, आणि अमुक देशांतच विका. पेटंटला आव्हान देऊ शकणारी कंपनीच भागीदार झाली. सिप्लाही बदलली. २०१३ मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेतली सिप्ला मेडप्रो ही कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली आणि आता ती स्वतःच बहुराष्ट्रीय आहे. हमीदांच्या ३५० डॉलरच्या भावाला मी धर्मादाय म्हणणार नाही. तो धंदाच होता, पण १९७० च्या कायद्याने ज्याला मोकळी जागा दिली असा धंदा.

या सगळ्यातून औषध मिळालं हे खरं. २००६ पासून मदतनिधीतून घेतल्या जाणाऱ्या एचआयव्हीच्या औषधांत ८० टक्क्यांहून जास्त भारतात बनलेली होती. २०२३ मध्ये ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय मदतनिधीने त्या वेळच्या मुख्य तिहेरी गोळीचा भाव माणसी वर्षाला ४५ डॉलरच्या खाली आणला. ३५० डॉलर ही बातमी होती त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

आता वर्षातून दोनदा टोचून घ्यायचं, एचआयव्हीचा संसर्गच रोखणारं लेनाकापाविर आलं आहे. गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना १२० देशांसाठी ते बनवायचा परवाना दिला. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर आहे. अमेरिकेत त्याचा वर्षाचा भाव २८ हजार डॉलरच्या वर आहे आणि जेनेरिक २०२७ पासून ४० डॉलरच्या आसपास मिळेल असं जाहीर झालं आहे. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू या देशांतल्या स्वयंसेवकांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या. १२० देशांच्या यादीत हे चारही देश नाहीत. ती यादी कुठल्याही आंतरराष्ट्रीय सभेत मताला टाकलेली नाही. कराराच्या शेवटी जोडलेलं ते एक परिशिष्ट आहे आणि ते कंपनीने तयार केलं आहे.